नऊ नंबरची हिरवी पट्टी

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून एक खोली आहे. तिथे बाराही महिने अठरा अंश तापमान असतं आणि तिथे बसणारा माणूस बाराही महिने स्वेटर घालतो. बाटलीसारखा हिरवा, कोपरांना ठिगळं लावलेला. बाहेर डांबर वितळत असलं तरी हा जेवणाच्या सुट्टीत स्वेटर घालूनच वर येतो, कारण काढायचा-घालायचा कंटाळा. म्हणून सगळं हॉस्पिटल त्याला स्वेटर म्हणतं. तोंडावर 'स्वेटरकाका', पाठीमागे नुसतंच 'स्वेटर', आणि कॉम्प्युटर अडला की 'कुठे मेला तो स्वेटर?'

सव्वीस वर्षांपूर्वी तो इथे लागला तो भांडारात, बँडेजचे गठ्ठे मोजायला. एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्याने न फाडता बाहेर काढला आणि तेवढ्या पराक्रमावर त्याची बदली कॉम्प्युटरकडे झाली. माणसाची पारख तिथे अशीच व्हायची. पुढचं सगळं तो स्वतःच शिकला, आणि शिकला कशावरून म्हणाल, तर ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर तो चालवायचा त्या कंपनीच्या साप्ताहिक पत्रकावरून. 'टिपा आणि सुधारणा' असं त्याचं नाव. दर गुरुवारी सकाळी ते मेलवर यायचं. कोणती सुधारणा बसवावी, कोणती बसवू नये, कुणाचं काय बिघडलं आणि त्यावर उपाय काय. लोक पेपरमधल्या निधनवार्ता जशा वाचतात, कोण गेलं, कशाने गेलं, आपल्या वयाचं होतं का, तसं स्वेटर ते पत्रक चहाबरोबर वाचायचा. शेवटच्या ओळीपर्यंत.

त्याच्या कामाबद्दल कुणी विचारलं की तो एकच दृष्टांत द्यायचा. "समजा, तीन मोठी घरं आहेत आणि त्यांत सदतीस भाडेकरू राहतात. प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. भिंती मी घालतो, पाणी मी सोडतो, आणि एक घर डागडुजीला काढलं की भाडेकरूंना झोपेत उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो. त्यांना कळतसुद्धा नाही." तीन घरं म्हणजे त्या थंड खोलीतले तीन सर्व्हर, आणि भाडेकरू म्हणजे त्यांच्यात चालणारी सदतीस मशीनं. यांना हात लावून दाखवता येत नाही, पण पगारपत्रकापासून एक्स-रेपर्यंत सगळं हॉस्पिटल त्यांच्यावरच चालायचं.

बायको पोस्टात टपाल लावायची. ती म्हणायची, "मला एक झेपलं नाही, आणि यांना सदतीस. तीही न दिसणारी!" त्यांना मूल नव्हतं. ती हे हसत म्हणायची, म्हणून तोही हसायचा.

या सदतीसांतलं नऊ नंबरचं मशीन जुनं होतं, बारकं होतं, आणि त्याला काम एकच होतं. कुठल्या पेशंटला कुठलं औषध बाधतं, त्याची नोंदवही त्याच्यात होती. वॉर्डातल्या सिस्टरने पेशंटचा नंबर टाकला की स्क्रीनच्या वर एक पट्टी दिसायची. नोंद असली तर लाल आणि त्यावर औषधाचं नाव, नसली तर हिरवी. बस. पूर्वी हे कागदावर असायचं. कागद हरवतात, ओले होतात, त्यावर चहा सांडतो, म्हणून ते बंद करायला लावलं स्वेटरनेच. साहेबांच्या मीटिंगमध्ये उभं राहून, घसा खाकरून. आयुष्यात त्याने केलेलं ते एकमेव भाषण.

मागच्या वर्षी त्याच्या बायकोची दाढ सुजली. हॉस्पिटलमध्ये तिला एक साधं इंजेक्शन दिलं, आणि सुई बाहेर येते न येते तोच तिचा चेहरा सुजला, ओठ काळेनिळे पडले, श्वास घशातच अडकला. वीस मिनिटं सगळे धावत होते. त्या वीस मिनिटांबद्दल दोघं घरी कधीच बोलले नाहीत. वाचल्यावर डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर इंजेक्शनचं नाव लिहून दिलं आणि बजावलं, "हे पुन्हा टोचलं तर दुसरी संधी मिळणार नाही." तिने ती चिठ्ठी पाकिटात ठेवली. महिनाभराने पाकीट साफ करताना स्वेटरच्या हाताला ती लागली. घड्या पडलेली, अक्षरं पुसट झालेली.

"ही कशाला सांभाळतेस? नऊ नंबरमध्ये आहे ना नोंद!"

"असू द्या की. खायला मागतेय का?"

"अगं, कागद फाटतो. मशीन विसरत नाही."

आणि त्याने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या दिवसापासून तिला जे इंजेक्शन चालणार नव्हतं त्याचं नाव जगात एकाच ठिकाणी होतं.

ज्या गुरुवारची ही हकिगत, त्या गुरुवारी साडेअकराला तिच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते.

सकाळी साडेआठला स्वेटर तिसऱ्या मजल्यावर तिच्या खाटेशी बसला होता. खाट चौदा नंबरची. पंधरा नंबरवर एक म्हातारी आजी होती. घसरून पडल्यामुळे तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तिचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. पाय बांधलेला, तोंड मोकळं.

"हे तुमचे मालक? मग यांना थंडी वाजतेय का ताप आहे?" आजीने विचारलं.

"थंडी नाही, प्रेम आहे स्वेटरवर," बायको म्हणाली. "लग्नात मी मागून आले. तो आधीचा."

सिस्टर रक्तदाब मोजायला आली. तरुण, भरभर चालणारी. "काका, काल काय जादू केलीत? ती औषधबाधेची पट्टी पूर्वी उघडायला किती वेळ घ्यायची! आज नुसतं बटण दाबलं की समोर. भुर्रकन!"

स्वेटर फुलला. बुधवारी दुपारी त्याने तिन्ही सर्व्हरवर नवी सुधारणा बसवली होती. छत्तीस मशीनं चालता चालताच इकडून तिकडे नेली. नऊ नंबर जुनं, त्याला असं झोपेत उचलता येत नाही, म्हणून ते सहा मिनिटं बंद करून पुन्हा सुरू केलं. सुरू झालं, समोर हिरवा ठिपका आला. "करतो आम्ही अधूनमधून काहीबाही," तो म्हणाला.

"ऐकलंत आजी?" बायको म्हणाली. "आता संध्याकाळपर्यंत हेच."

जाताना त्याने तिचा चष्मा आणि घड्याळ खाटेशेजारच्या कप्प्यात ठेवलं. ती हळूच म्हणाली, "अहो, त्या इंजेक्शनचं एकदा सांगून ठेवा ना कुणाला तरी."

"सांगायचं कशाला? लाल पट्टी येते ना. सगळ्यांना दिसते."

तळघरात उतरला तेव्हा फोन वाजतच होता. औषधांच्या खिडकीवरची मुलगी बोलत होती. सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली, हुशार, आवाज नेहमी तक्रारीचा.

"काका, तुमचं नऊ नंबर मला आत घेत नाहीये. म्हणतंय, अशी कुणी व्यक्तीच नाही."

"पासवर्ड चुकवला असशील."

"पासवर्ड चुकला तर पासवर्ड चुकला म्हणेल ना? हे म्हणतंय, मी नाहीच. काल दुपारपर्यंत होते."

तिने सांगितलं ते इतकं नेमकं होतं की दुसऱ्या कुणी ते कान देऊन ऐकलं असतं. पण स्वेटरच्या डोक्यात त्या वेळी साडेअकरा वाजत होते. आणि खरं म्हणजे हा त्याच्या धंद्याचाच दोष. तक्रार आली की ती मिटवायची. ती का आली हे विचारायला पत्रक आहेच. त्याने यादी पाहिली. तिचं नाव नव्हतं. नाही तर नाही. त्याने तिच्या नावाचं नवं खातं उघडलं, ते जतन केलं आणि तक्रारीवर शेरा मारला, 'निकाली. चार मिनिटं.'

"झालं. आता आहेस तू."

"थँक्यू. आज सगळं बरंच आहे म्हणा, काका. सकाळपासून एकच लाल पट्टी आली. एरवी तासाला एकदोन तरी असतात."

"लोक सुधारले असतील."

ती हसली. तोही हसला. फोन ठेवल्यावर खोलीत फक्त पंख्यांचा आवाज उरला. सर्व्हरचे पंखे कायम एकाच सुरात घोंघावतात, इतके की काही वर्षांनी ते ऐकूच येत नाहीत. त्या सकाळी का कोण जाणे, ते त्याला ऐकू येत होते.

पत्रक नेहमी नऊला वाचून व्हायचं. त्या दिवशी रिपोर्टांच्या खेपा, दोन प्रिंटर आणि एक हरवलेला माउस निस्तरून त्याने ते उघडलं तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. चहा गार झाला होता. पहिली टीप डिस्कच्या जागेबद्दल. दुसरी घड्याळं जुळवण्याबद्दल. तिसरी त्याला आधीच ठाऊक होती, म्हणून तो जरा सुखावला. चौथीला तांबडी चौकट होती.

'मागील आठवड्याची सुधारणा बसवली असल्यास तातडीने वाचावे. ज्या मशीनचा स्नॅपशॉट तीनशे दिवसांहून जुना आहे, असे मशीन बंद करून सुरू केल्यास ते स्नॅपशॉटपूर्वीच्या मूळ डिस्कवर सुरू होऊ शकते. कोणतीही सूचना दिसत नाही. मशीन नेहमीप्रमाणे, किंबहुना अधिक वेगाने चालते.'

स्नॅपशॉट म्हणजे काय, हे स्वेटर सगळ्यांना असं समजावून सांगायचा. वहीचं लिहिलेलं पान असतं. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि पुढचं सगळं ट्रेसिंगवर लिहायचं. काही बिघडलं तर ट्रेसिंग काढून टाकायचा, खालचं पान जसंच्या तसं. सुधारणा बसवण्याआधी हे करायचं, आणि सगळं नीट चाललं की एकदोन दिवसांत ट्रेसिंगवरचं खालच्या पानावर उतरवून मोकळं व्हायचं. ठेवून द्यायचं नाही. ठेवून दिलं की पान एकीकडे, लिखाण दुसरीकडे, आणि दोघांत फक्त एक टाचणी.

आपण कुठे ठेवतो, असं मनात म्हणत त्याने मशीनांची यादी उघडली. नऊ नंबरपुढे पिवळा त्रिकोण होता. तसे तो चौदा मशीनांपुढे होता. असे पिवळे त्रिकोण त्या पडद्यावर इतकी वर्षं होते की भिंतीवरच्या डागांसारखे ते दिसेनासे झाले होते. त्याने त्रिकोणावर बोट नेलं.

'स्नॅपशॉट आहे. वय : तीनशे अडतीस दिवस.'

स्वेटरची एक लांबट वही होती. प्रत्येक कामाच्या सहा ओळी. बॅकअप थांबवला. स्नॅपशॉट घेतला. सुधारणा बसवली. तपासलं. स्नॅपशॉट काढला. बॅकअप सुरू केला. काम झालं की ओळीपुढे टिकमार्क. मेलेला माणूसही उठून त्या वहीवरून हॉस्पिटल चालवू शकेल, असं तो म्हणायचा. त्याने पानं मागे उलटली. हात गार पडले होते, स्वेटर असून.

तीनशे अडतीस दिवसांपूर्वीचा मंगळवार. नऊ नंबर. पहिल्या ओळीपुढे टिकमार्क. दुसरीपुढे टिकमार्क. तिसरीपुढे टिकमार्क. चौथीपुढे शाईची एक लांब रेघ, हात खेचला गेल्यासारखी.

त्याला ती रेघ आठवली. फोन आला होता. वरून कुणीतरी ओरडत होतं, "काका, वर या, ताईंना काहीतरी होतंय." तो धावला होता. पुढचे तीन दिवस तो तिच्या उशाशी होता. परत आला तेव्हा त्याने नव्या आठवड्याचं नवं पान उघडलं.

म्हणजे खालचं पान थांबलं होतं ते तिला इंजेक्शन टोचण्याच्या तासभर आधी. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी ट्रेसिंगवर, तिचीही त्यांतच. आणि काल दुपारी सहा मिनिटांत टाचणी निघाली होती. नऊ नंबर अकरा महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी जागं झालं होतं. त्या मंगळवारी औषधांच्या खिडकीवरची मुलगी नोकरीला लागलेली नव्हती. त्या मंगळवारी त्याच्या बायकोला काहीही झालेलं नव्हतं.

त्याने तिचा नंबर टाकला. भुर्रकन पट्टी आली. हिरवीगार.

चौथी टीप अजून संपली नव्हती. 'असे मशीन तत्काळ बंद करावे. त्यावर काहीही लिहू नये. एक नोंद जरी लिहिली गेली, तरी नंतरचा भाग पुन्हा जोडता येत नाही.'

निकाली. चार मिनिटं.

सकाळी उघडलेलं ते खातं म्हणजेच ती एक नोंद, हे कळायला त्याला एक क्षण लागला, आणि कळल्यावर ते बाजूला सारायला आणखी एक. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. त्याने तिसऱ्या मजल्यावर फोन लावला. वाजला, वाजला, वाजत राहिला. ऑपरेशनच्या खोलीचा फोन सतत लागलेला. त्याने नऊ नंबर बंद केलं आणि धावला. लिफ्ट चौथ्यावर अडकली होती, दारात कुणीतरी खाट घालून ठेवलेली. तो जिन्याने निघाला. त्रेपन्न वर्षांचा माणूस, पायांत चपला, अंगात लोकर.

चौदा नंबरची खाट रिकामी होती. खाली तिच्या चपला एकीला एक लावून ठेवलेल्या.

"नेलं हो तिला," पंधरा नंबरवरून आजी म्हणाली. "पाचेक मिनिटं झाली. तुमचीच थट्टा करत गेली. अहो, झालं काय?"

तो तिथे नव्हताच.

ऑपरेशनच्या दारावर बसणारा मामा वीस वर्षं त्याच दारावर होता. त्याने हात आडवा घातला. "काका, चपला! आणि हे काय, लोकरीचं घालून आत? गाऊन चढवा आधी."

"सोड."

"नियम तुम्हाला पण आहे."

"अरे, ती मरेल!"

मामाने त्याच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत स्वेटरचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. मामाचा हात आपोआप खाली आला.

आत पहिल्याच छोट्या खोलीत ती ढकलगाडीवर आडवी होती. हाताला नळी लावलेली. सकाळचीच सिस्टर बाजूला उभी होती. नळीच्या तोंडाशी सिरिंज, दट्ट्यावर अंगठा. भिंतीवरच्या स्क्रीनवर अजून ती पट्टी तशीच होती, मशीन बंद पडण्याआधी उघडलेली.

"थांबा! देऊ नका."

"काका? तुम्ही आत कसे?"

"ते काय आहे?"

"ऑपरेशनआधीचं अँटिबायोटिक. सगळ्यांनाच देतो."

"अंगठा काढ. आधी अंगठा काढ."

सिस्टरने अंगठा काढला, पण चेहरा फुगला. "मी पट्टी दोनदा पाहिली, काका. ताई म्हणाल्या, काहीतरी चालत नाही, म्हणून दुसऱ्यांदा पाहिली. हिरवी आहे. बघा की."

"मी सांगितलं त्यांना," गाडीवरून बायको म्हणाली. आवाज साधाच होता, जरा झोपाळलेला. "त्या म्हणाल्या, कॉम्प्युटर तर नाही म्हणतो. म्हटलं, मग नसेल. आमच्या ह्यांचाच कॉम्प्युटर आहे."

"पट्टी खोटी आहे," स्वेटर म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. ते मशीन मागच्या वर्षीचं दाखवतंय. माझ्या हातून झालंय."

सर्जन दारात येऊन उभे राहिले होते, कोपरापर्यंत हात ओले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "ठीक आहे. हे द्यायचं नाही. मग त्यांना बाधलेलं औषध कुठलं? हेच की दुसरं?"

सिस्टरने नळीपासून सिरिंज अलग केली.

"नाव सांगा. म्हणजे ते सोडून दुसरं देऊ."

स्वेटरने बायकोकडे पाहिलं. बायकोने स्वेटरकडे.

"मुख्य नोंदीत बघा," सर्जन सिस्टरला म्हणाले.

"मुख्य नोंदीत एकच ओळ असते सर. 'बाधांसाठी नऊ नंबरची नोंदवही पाहावी.' सगळ्यांच्याच नोंदीत असते. छापूनच येते."

"कागद?"

"कागद बंद केलेत सर. काकांनीच..." ती थांबली.

तिचं ऑपरेशन पुढे ढकललं. सिरिंज सिस्टरने एका पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवली. चिठ्ठी लिहून देणारे डॉक्टर केव्हाच नोकरी सोडून गेले होते. ते तेच औषध होतं की साधं पाणी, हे सांगणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. तिला परत चौदा नंबरवर नेताना मामाने स्वतः गाडी धरली आणि चपलांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दुपारी बाराला स्वेटरने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलणारा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मूळ डिस्कवर सुरू झाल्यानंतर तुम्ही काही लिहिलंत का?"

"एक खातं उघडलं."

"एकच?"

"एकच."

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तुमच्याकडे बॅकअप असेलच. रोजची वेगळी काढलेली नक्कल."

वही समोर उघडी होती. सहावी ओळ. 'बॅकअप सुरू केला.' पुढे काही नाही. तीनशे अडतीस दिवस काही नाही. स्वेटर म्हणाला, "पाहून सांगतो," आणि फोन ठेवला. पाहण्यासारखं काही नव्हतं.

साहेबांनी वर बोलावलं. साहेब ओरडणारे होते, पण त्या दिवशी तेही हळू बोलत होते. "किती नोंदी गेल्या?"

"मागच्या महिनाअखेरीस नव्या दोनशे अठरा होत्या. एवढा आकडाच आहे माझ्याकडे."

"मग त्या लोकांना फोन करून कळवा. या म्हणावं, नव्याने लिहून घेऊ."

"कुणाला कळवू साहेब? ते कोण, तेच त्याच्यात होतं."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली फाटकातून माणसं आत येत होती, बाहेर जात होती. कुणाच्या हातात रिपोर्ट, कुणाच्या हातात डबा.

"काल दुपारपासून आज अकरापर्यंत," त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, "हिरवी पट्टी पाहून किती इंजेक्शनं गेली?"

औषधांच्या खिडकीवरच्या मुलीने काढलेला आकडा स्वेटरने सांगितला. एकशे सहा. त्यांतली बरीचशी माणसं टोचून घेऊन घरी गेलेली. दुसऱ्या मजल्यावर एका बाईच्या अंगावर सकाळी गांधी उठल्या होत्या. उष्णतेच्या असतील, असं तिथल्या सिस्टरने लिहिलं होतं. पट्टी हिरवी होती ना.

निदान जुन्या नोंदी तरी दिसाव्यात म्हणून साहेबांनी नऊ नंबर पुन्हा सुरू करायला लावलं, आणि उरलेली दुपार प्रिंटर चालला. जाड अक्षरांत एकच ओळ. 'पट्टीवर विश्वास ठेवू नये. पेशंटला विचारावे.' हॉस्पिटलातल्या एकशे चाळीस स्क्रीनवर तो कागद स्वेटरने स्वतः चिकटवला, मजल्यामागून मजला. लोक बाजूला सरून वाट द्यायचे. 'काका' म्हणायचे, आणि पुन्हा कामाला लागायचे. शेवटच्या मजल्यावरून परत येताना त्याने पाहिलं, पहिल्या मजल्यावरच्या एका स्क्रीनवरचा कागद कुणीतरी थोडा वर सरकवला होता. खालचं दिसत नव्हतं म्हणून.

पाचला भेटायची वेळ सुरू झाली. चौदा नंबरशी स्टूल ओढून तो बसला. बायकोने आधी त्याच्याकडे आणि मग त्याच्या मांडीवरच्या वहीकडे पाहिलं.

"काढून टाकणार का तुम्हाला?"

"माहीत नाही. आज तरी नाही. आज दुसरं कुणी नाहीये."

"स्वेटर काढा तरी. घामाने थबथबलाय."

त्याने काढला. आतला शर्ट पाठीला चिकटला होता, आणि तो एवढा बारीक दिसत होता की पंधरा नंबरवरच्या आजीने ओळखायला डोळे बारीक केले. त्याने वहीचं कोरं पान उघडलं, दोन उभ्या रेघा मारल्या आणि डाव्या बाजूला 'एक' लिहिलं. पुढे बायकोचं नाव. त्यापुढचा रकाना औषधाचा.

"काय नाव होतं गं त्या इंजेक्शनचं? निदान सुरुवात कशापासून होती?"

"मला कुठे वाचता येत होतं डॉक्टरांचं अक्षर? म्हणून तर जपून ठेवली होती."  तिने त्याच्या हातावर हात ठेवला, पण तो वहीवरचा हात होता, त्यामुळे त्याला लिहिता येईना.

"अहो, ऐका," पंधरा नंबरवरून हाक आली. आजी कोपरावर टेकून उठायला बघत होती. "ती पोरगी मघाशी चिकटवलेला कागद दाखवून विचारत होती, आजी, काही बाधतं का? तर मलाही एक चालत नाही हं. उन्हाळ्यात इथेच दिलं होतं, तर घसा बंद झाला होता माझा. उद्या माझं ऑपरेशन आहे ना, म्हणून म्हटलं सांगावं."

"कुठलं, आजी?"

"ते मला कशाला लक्षात राहतंय या वयात?" आजी समजूत काढल्यासारखी हसली. "तुमच्या त्या कॉम्प्युटरात लिहून घेतलंय की. तेव्हाच म्हणाले होते, आजी, आता तुम्ही काळजी सोडा."

स्वेटरने 'एक'च्या खाली 'दोन' लिहिलं आणि आजीला तिचं नाव विचारलं. तिने सावकाश, नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या नावासकट सगळं सांगितलं. तो लिहीत गेला. पुढचा रकाना त्याने कोरा ठेवला, आणि तिसरी ओळ आखायला घेतली.